डाव्या हाताची करंगळी

उत्कर्षाचं सांगायचं तर तिच्या हातापासनं सुरू करावं लागंल, आन् हाताचं सांगायचं तर माज्या सहीचं सांगावं लागंल. सही मी केली. कुनी माजा हात धरून करवून घेतली न्हाय. हे आधीच बोलून टाकती, म्हंजी मागनं कुनी म्हनायला नको की मथुराबाईनं सगळ्यांचं सांगितलं आन् स्वतःचं तेवढं झाकलं.

उत्कर्षा माज्या भावाची, युवराजची पोरगी. युवराज मंगळवेढ्याला शेती करतो. पोरगी सातवीपासनं सायकलवर. पयली सायकल बापाची, तिच्या नळीतनं पाय घालून चालवायची. जिल्ह्याच्या शर्यतीत पयली आली तवा सोलापूरच्या मुकुंद सरांनी तिला बगितलं. सर कालेजात खेळ शिकवत्यात आन् सकाळी सायकलवाल्या पोरापोरींना घेऊन विजापूर रोडला जात्यात. त्यांनी युवराजला सांगितलं, पोरीला सोलापुरात ठेवा. सोलापुरात म्हंजी कुटं, तर आत्याकडं. दोन वर्सं झाली त्याला.

माजं घर होटगी रोडला. पुढच्या पत्र्याच्या शेडात माजा कडक भाकरीचा धंदा. मी, अक्कलकोटाकडची चंद्रव्वा आन् आनखी दोघी जनी. ज्वारीची भाकरी पापडावानी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेला उभी करून सुकवायची. महिनाभर टिकती. पुण्या-मुंबैला जाती, दुबैलाबी गेलीया. तीस वर्सं झाली, माज्या हाताखालच्या भाकरीला कड जाड आली असं कुनी म्हनलं न्हाय.

पोरगी बोलायला कमी, खायला दनकून. हातमोजं घालून उन्हात फिरायची, म्हनून हात काळे आन् पंजे गोरे. पडली तर आधी सायकल तपासायची, मग गुडघा. एकदा गुडघ्यातनं रगत गळत असताना घरी आली आन् मला विचारती, आत्या, चाक वाकडं दिसतंय का बग. मी म्हनलं, तुजं डोस्कं वाकडं दिसतंय. तरी आतनं मला तिचं लई कौतुक. माज्या जन्मात मी कुनाशी शर्यत लावली न्हाय. ही पोरगी उठल्यापासनं शर्यतीत असायची.

जानेवारीत हंगामातली शेवटची शर्यत होती. पुढच्या पोरीनं एकाएकी ब्रेक दाबला आन् मागच्या सगळ्या एकमेकींवर पडल्या. उत्कर्षाचं डावं कोपर मोडलं. ऑपरेशन झालं, तारा घातल्या. डॉक्टर म्हनले, पाच महिने रस्त्यावर जायचं न्हाय. सर म्हनले, हंगाम तसाबी संपलाच हाय, आता जागच्या जागी सायकल चालवून पाय राखायचे. जुलैच्या पयल्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. ज्युनिअरमदी तिचं हे शेवटचं वर्स. पुढच्या वर्सी मोठ्या बायकांत जायचं, आन् तितं राज्याचं नाव पाठीवर नसंल तर कुनी इचारत न्हाय. ते एकच तिच्या डोस्क्यात होतं. खरं सांगती, माज्याबी.

शेडाच्या कोपऱ्यात तिनं लोखंडी स्टँड मांडला. त्यावर सायकलचं मागचं चाक बसवायचं आन् पायडल मारायचं. सायकल हलत न्हाय, नुसती घरघर. मे महिना, सोलापूरचं ऊन, वर पत्रा, बाजूला आमचे चार तवे पेटलेले. पोरगी दोन-दोन तास तितं बसायची. खाली घामाचं थारोळं. मी म्हनायची, अगं बाई, मरशील. ती म्हनायची, आत्या, पायाला काय झालंय? आन् खरंच, पायाला कायबी झालं न्हवतं.

व्यायाम शिकवनाऱ्या बाईंनी तिला रबरी चेंडू दिला होता, रोज दाबायचा म्हनून. हितं माजी जीभ वळवळली. मी म्हनलं, चेंडू कशाला दाबतीस, हितं काटवटीत पीठ पडलंय की. पीठ मळ, भाकरी थाप. कोपर कसं सरळ होत न्हाय तेच बगती. आन् झालं की सरळ! एप्रिल सरता सरता हात सरळ झाला. मग काय, मला तोंड आवरना. केम गावाला लग्नाला गेले, तितं सांगितलं. शेजारनींना सांगितलं. मुकुंद सरांना तर उभं करून सांगितलं, सर, तुमच्या दवाखान्यानं न्हाय, माज्या भाकरीनं पोरगी बरी केली. सर हसले. म्हनले, मावशी, तुमचा शब्द मला पुरे.

जून निम्मा झाला आन् भाकरीची एक कड जाड यायला लागली. सगळ्यांच्या न्हाय, उत्कर्षाच्या. भाकरी थापताना उजवा हात मारायचा आन् डाव्या हातानं कड राखायची, तशीच ती फिरत जाती. हिची डावीकडची कड जाड. जाड कड सुकत न्हाय, चिवट होती, डबा उघडला की वास मारती. मी दोन दिवस बगितलं आन् तिसऱ्या दिशी तोंड सोडलं. म्हनलं, लक्ष कुटं असतंय तुजं? तितं कोपऱ्यात चाक फिरवताना बरं लक्ष असतंय. ती खाली मान घालून थापत ऱ्हायली.

चंद्रव्वा माज्या कानाशी आली. "मथुरक्का, बैयबेडा," म्हनली. कानडीत म्हंजी, शिव्या नको घालू. "पोरीचं हात बगा आधी."

मी म्हनलं, हाताला काय झालंय, माज्या हातानं बरा केलाय.

निवडीच्या आदल्या सोमवारची गोष्ट. सकाळचं काम चाललं होतं. उत्कर्षा उजव्या हातानं भाकरी परतत होती आन् मला सांगत होती, रविवारी चाळीस किलोमीटर हाय, चोवीस पोरी हायत, पयल्या सहा घेनार. मला कसला तरी वास आला. भाकरी करपल्याचा वास मला झोपेतबी कळतो, हा तो न्हवता. मी तव्याकडं बगितलं. तिच्या डाव्या हाताची कड, करंगळीपासनं मनगटापर्यंत, तव्याच्या काठावर टेकलेली होती. आन् ती बोलत होती. सहा पोरी घेनार म्हनून सांगत होती.

मी हात हिसकला. कातडी पांढरी पडली होती, बगता बगता फोड वर आला. ती त्या फोडाकडं अशी बगत होती जसा काय हात दुसऱ्या कुनाचा हाय.

"दुखत न्हाय, आत्या," म्हनली. मला धीर द्यायला म्हनली. आन् मग आपुन काय बोलून बसलो ते तिचं तिलाच कळलं. तोंड उतरलं.

मी तिला घरात नेलं, दार लोटलं. हातावर गार पानी वतत वतत इचारलं, कधीपासनं? ऑपरेशनपासनं. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मेल्यावानी, आन् जूनपासनं हाताचा जोरबी कमी झालेला. आधी तिला वाटलं, येईल हळूहळू. मग वाटलं, डॉक्टरला सांगितलं तर तो रस्ता बंद करंल. मग कुनालाच सांगितलं न्हाय.

"सायकल पायानं चालते, आत्या. करंगळीनं न्हाय चालत."

"आन् ब्रेक?"

"ब्रेक ह्या दोन बोटांनी दाबायचा. ही दोन चांगली हायत." तिनं दाबून दाखवलं.

"मग हँडल कशानं धरायचं?"

 तिनं माजा पदर धरला. दोन वर्सांत ह्या पोरीनं माज्याकडं कवा काय मागितलं न्हवतं, जास्तीची भाकरीबी स्वतः उठून घ्यायची. "एवढा रविवार होऊ दे. सोमवारी तू म्हनशील त्या डॉक्टरकडं येते. तुजी शपथ."

मला तवाच सांगायला पायजे होतं. सरांना, युवराजला. का न्हाय सांगितलं? पोरीची दया आली, हे एक. पन निम्मं कारन दुसरंच होतं, आन् तेच जास्त लाजेचं. केमच्या लग्नापासनं सरांपर्यंत सगळीकडं मी छाती काढून सांगत सुटले होते. आता कुटल्या तोंडानं सांगू की माज्या डोळ्यादेखत पाच महिने पोरीचा हात मेलेला होता आन् मी तिला कड जाड आली म्हनून बोलत होते? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हनलं. रविवारपर्यंत झाकू.

गुरुवारी सर आले. शेडातच खुर्ची टाकून दिली. त्यांनी कागद काढला. दुखापत पूर्ण बरी झालेली हाय, कसलीबी तक्रार न्हाय, असं पालकानं लिहून द्यायचं होतं.

"युवराजरावांना मंगळवेढ्याहून कशाला बोलवायचं? इथल्या पालक तुम्हीच," सर म्हनले. "डॉक्टरांनी हाड जुळल्याचं दिलंय. पण मी कागदापेक्षा माणसाला विचारतो. मावशी, हात कसा आहे?"

कोपऱ्यात सायकलची घरघर चालली होती. ती थांबली. मी तिकडं बगितलं न्हाय, पन मला कळलं की पोरगी श्वास धरून बसलीया. चंद्रव्वाचा हात काटवटीत तसाच ऱ्हायला. फोडावर पट्टी होती, वर हातमोजं होतं, सरांना काय दिसनार?

"बरा हाय की," मी म्हनलं. आन् सही केली. माज्या अंगठ्याचं पीठ कागदाला लागलं. सरांनी ते फुंकून उडवलं आन् कागद घडी करून खिशात घातला. मागं घरघर परत सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

शुक्रवार कसा गेला ते मला ठावं.  चहाचा कप तिनं उचलला की माजं ध्यान तिच्या डाव्या हातावर. ती मातर खुशीत होती. पाच महिन्यांत पयल्यांदा गुनगुनत होती. चंद्रव्वा दिवसभर माज्याशी बोलली न्हाय. जाताना एवढंच म्हनली, "सही तुमचं हाय, मथुरक्का. पोरगी बी तुमचंच हाय."

शनवारी ती सायकल घेऊन रस्त्यावर जाऊन आली. येऊन आंघोळीला गेली. सायकल भिंतीला लावलेली. मी फडकं घेऊन पुसायला गेले, उगंच, हाताला काम पायजे म्हनून. हँडलच्या डाव्या बाजूला पट्टीचं एक कडं शिवलेलं दिसलं. आमच्याच पिठाच्या पिशवीचा जाड दोरा, तीन पदरी, गाठ आतल्या अंगाला. मी त्यात माजी करंगळी आन् शेजारचं बोट घालून बगितलं. बोटं घट्ट बसली. वडून बगितली, निघंनात.

तवा मला समजलं. हात हँडलवर ऱ्हात न्हवता म्हनून तिनं तो बांधून टाकायचं ठरवलं होतं. पन्नासच्या वेगात, चोवीस पोरींच्या घोळक्यात. जानेवारीत पडली तवा निदान हात मोकळे होते, ती बाजूला फेकली गेली. बांधलेल्या हातानं मानूस सायकलीसकट फरफटतो. मालकानं बैल जुंपला तर मालक निदान मानेची सापती सोडायला जवळ असतो. हिनं स्वतःच स्वतःला जुंपलं होतं.

ती केस पुसत बाहेर आली. मी फडकं झटकलं आन् आत गेले. बोलले न्हाय. बोलले असते तर तिनं परत पदर धरला असता, आन् मी परत इरघळले असते. मला माजी खातरी न्हवती.

रविवारी सकाळी विजापूर रोडला गेलो. गावाबाहेर एका धाब्यासमोर पोरी जमलेल्या, पाठीवर नंबर, आईबाप बाटल्या धरून उभे. ट्रक जाताना वारा अंगावर यायचा. उत्कर्षा सायकलवर बसून एक पाय टेकवून उभी होती. हातमोज्याची दोन बोटं तिनं कड्याजवळ नेऊन ठेवली होती, अजून घातली न्हवती. सर घड्याळ बगत होते.

मी सरांजवळ गेले.  म्हनलं, "सर, ती सही खोटी हाय. पोरीच्या हातात जीव न्हाय."

सरांना आधी वाटलं, मी घाबरलीया. "मावशी, पडण्याची भीती सगळ्या आयांना असते. उत्कर्षा, हात कसा आहे?"

"एकदम ठीक हाय, सर."

मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी ऱ्हायले. तिचा हात हातात घेतला, हातमोजं काढलं, जसं काय निरोप देतीया. आन् तिच्या करंगळीत माजं नख रुतवलं. भाकरी थापनाऱ्या बाईचं नख, हलकं न्हवं. सगळा जोर लावला. सर बगत होते. नखाखाली कातडी फाटली, रगताचा ठिपका आला.

पोरगी समोर रस्त्याकडं बगत होती. आवाज अगदी गोड करून म्हनली, "आत्या, सांग ना सरांना. मी ठीक हाय म्हनून सांग ना."

सरांनी डोळे मिटून घेतले. मग खाली वाकले, ते शिवलेलं कडं बोटानं चाचपलं, आन् तिच्या पाठीवरच्या नंबराच्या टाचन्या एकेक करून काढल्या. चार टाचन्या. तवा तिनं खाली बगितलं. माज्या नखाकडं, आपल्या करंगळीकडं. रगत बगून तिला कळलं काय झालं ते. 

"तू सही केली होतीस," एवढंच म्हनली.

सर मला काय बोलले ते सांगत न्हाय. जे बोलले ते बरोबर बोलले. शिट्टी वाजली, तेवीस पोरी गेल्या. आमी दोघी धाब्यासमोर उभ्या. चाकांचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी ती तिकडंच मान करून उभी होती.

डॉक्टरनं सांगितलं, कोपराजवळ नस अडकलीया, सोडवावी लागंल. मी इचारलं, माज्या पीठ मळन्यानं झालं का? न्हाय म्हनले. पन म्हनले, चार महिने आधी आला असता तर बरं झालं असतं. आता ऑपरेशन करू, पन जीव परत येईल का ते सांगता येनार न्हाय. आला तर हळूहळू येईल, न आला तर न्हाय. हे सगळं तिनं ऐकलं. आन् युवराजला मी फोनवर सगळं सांगितलं, सहीसकट. तो म्हनला, अक्का, तूच हुतीस म्हनून मी बिनघोर हुतो.

ऑपरेशन झालं. मला वाटलं, पोरगी आता मंगळवेढ्याला जाईल. गेलीबी. आन् पंधरा दिवसांनी पिशवी घेऊन परत आली, स्टँड मांडला, पायडल मारायला लागली. पन माज्याशी कामापुरतं बोलायची. पीठ संपलंय. गॅस आलाय. डबा कुटंय. आत्या म्हनून हाक न्हाय. आधी उठता-बसता आत्या, आत्या चालायचं, माजे कान किटायचे. आता तो एक शब्द तिनं तोंडातनं काढूनच टाकला. मी तिला तव्याजवळ बसू देत न्हवते. तिला सुकलेल्या भाकऱ्या मोजून डब्यात भरायचं काम दिलं. तीबी मुकाट भरायची. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती करंगळीवर नख दाबून बगायची. मी दाराआडनं बगायची. चेहऱ्यावर कायबी हलायचं न्हाय, आन् ती जाऊन सायकलवर बसायची. असे सहा महिने गेले. मी नवस बोलले न्हाय. नवस बोलायचं तोंड मला उरलं न्हवतं.

भोगीच्या दिशी आमच्याकडं मरनाची घाई असती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्या दिशी सगळ्या सोलापूरला पायजे. चंद्रव्वाचं काम तुंबलं, दोघी जनी तव्यावर, मी पिठात कोपरापर्यंत. कुनाला न सांगता उत्कर्षा उठली आन् आचेवर उभ्या केलेल्या भाकऱ्या फिरवायला लागली. मी बगितलं आन् ओरडनार, तेवढ्यात तिनं हात झटकन् मागं घेतला.

भाकरी खाली पडून मोडली. ती उभी ऱ्हायली, डावा हात उजव्या हातात गच्च धरून. चंद्रव्वाचं थापनं थांबलं. पोरीनं माज्याकडं बगितलं, सहा महिन्यांत पयल्यांदा सरळ डोळ्यांत. 

"आत्या," ती म्हनली. "भाजलं."

मी पिठाच्या हातानंच तिचा हात धरला. कुटं म्हनून इचारलं. तिनं करंगळीची कड दाखवली. लाल झाली होती, तिळाएवढी.

"लई भाजलं का गं?"

"लई," ती म्हनली.